नव्याचा पहिला घास

चंद्रपुरात जपानी हॉटेल निघालं तेव्हा गावाने आधी त्याची यथेच्छ टिंगल केली. मे महिन्यात जिथे नळालाच चहाचं पाणी येतं, तिथे गरम सूप प्यायला माडी चढून कोण जाणार, असा रोकडा सवाल होता. नागपूर रोडला, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर ते होतं. नाव ‘हाशिरी’. हंगामातलं जे पहिलं येतं त्याला जपानीत असं म्हणतात, हे दाराशी मराठीत लिहून ठेवलेलं होतं. ऑटोवाल्यांनी आठवड्याच्या आत त्याचं ‘हसरी’ करून टाकलं. प्रत्यक्षात तिथे कोणी हसत नसे. मालकीण माधवी मॅडम, पन्नाशीची, कायम कडक इस्त्रीच्या राखाडी कुर्त्यात. कोणी म्हणे ती बरीच वर्षं ओसाकाला होती, कोणी म्हणे ती नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या पुढे गेलेलीच नाही. आलेल्या गिऱ्हाइकाकडे ती अशी बघायची, की आपण चपला घालून देवघरात शिरलो की काय, असं वाटावं.

रंजीताला या हॉटेलशी काही देणंघेणं नव्हतं. ती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि तिच्यापुढे त्या दिवसांत एकच प्रश्न होता. तिचा नवरा जेवत नव्हता.

दिनेश बांधकाम विभागात अभियंता. खाण्यात असा वस्ताद, की लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याला लांबून ओळखत. जूनमध्ये एटापल्लीकडच्या पुलाच्या कामावरून तो ताप घेऊन आला. मलेरिया डोक्यात गेला. दवाखान्यात तो बेशुद्ध पडून राहिला, आणि एका दुपारी डॉक्टरांनी रंजीताला बाहेर बोलावून, नातेवाइकांना कळवून टाका, असंही सांगितलं. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. ताप गेला, पण जाताना भूक सोबत घेऊन गेला.

वरणभात पुढे आला की दिनेश तोंड फिरवायचा. वास येतो, म्हणायचा. कशाचा ते त्याला सांगता येत नसे. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. गालांची हाडं वर आली, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागलं. न खाता माणसाचं शरीर आधी काय जाळतं आणि मग काय जाळतं, हे रंजीता दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायची. आता ते ती घरात बघत होती आणि तिला रात्रंदिवस धास्ती होती की हा हातचा जाणार.

“सगळं करून पाह्यलं ना? आता जपान करून पाह्य,” प्रफुल म्हणाला. तो तिच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. बोलायला तिखट, पण मदतीला कधी मागे न हटणारा. “कमी तेल, कमी मसाला. वास येणार नाई.”

शनिवारी दुपारी ती दिनेशला घेऊन माडी चढली. दर चार पायऱ्यांवर त्याला थांबावं लागत होतं.

वर गारवा होता. लाकडी टेबलं, बिनआवाजाचे पंखे, गरम पाण्यातून पिळून काढलेले पांढरे रुमाल. लाखेच्या काळ्या वाट्या आल्या, प्रत्येकीवर घट्ट झाकण. रंजीताने आपलं झाकण उचलायला हात घातला, तर मागून आवाज आला.

“थांबा.”

माधवी मॅडम. तिने पुढे होऊन फक्त दिनेशच्या वाटीवरचं झाकण काढलं. आत मोसमातल्या पहिल्या वास्त्यांचा भात होता. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, गडचिरोलीच्या माणसाला ते नवे नाहीत. दिनेशने वास घेतला. जेवायच्या काड्या हातात धरल्या, जमेनात, त्या ठेवून दिल्या आणि बोटांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. वाटी संपली.

रंजीताला रडू आलं, आणि या मख्ख बाईपुढे रडू आलं याचा रागही आला. आपली वाटी केव्हा उघडली गेली हे तिच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी हाशिरी. ताज्या सात्यांची भजी आली, वारुळावरून नुकत्याच उपटलेल्या पांढऱ्याशुभ्र रानअळंब्यांची. वैनगंगेतला मीठ लावून भाजलेला मासा आला. आंबवलेल्या सोयाबीनचं सूप आलं. सोयाबीन आपल्याच वावरातलं आणि मिजास बघा, असं प्रफुल म्हणाला असता. दिनेश सगळं खायचा. घरी आला की पुन्हा पाण्यावर.

तिसऱ्या खेपेला रंजीताने आजूबाजूला पाहिलं. माडी भरलेली होती. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातला कोणी साहेब आणि त्याची बायको, वरोऱ्याचं एक कुटुंब, खिडकीशी एक म्हातारा. सगळ्यांपुढे वाट्या होत्या आणि सगळ्यांची झाकणं बंद होती. कोणी बोलत नव्हतं. सगळे दिनेशकडे बघत होते.

त्या बघण्यात कौतुक नव्हतं. दिनेशच्या हातून माशाचा तुकडा निसटला तेव्हा साहेबाच्या बायकोने जिभेने च्‌ केलं. म्हातारा टेबलावर बोटं आपटायला लागला.

“आटपा ना लवकर,” तो म्हणाला. “किती वेळ बसवता लोकाईले?”

रंजीता उसळलीच. “आजारी माणूस आहे, दिसत नाही का?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिनेशने घास तोंडात घातला, गिळला, आणि माडीभर झाकणं निघाल्याचा खळखळाट झाला. सगळे खाली माना घालून जेवू लागले.

जपानी रीत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण ती विज्ञानाची बाई. नुसत्या समजुतीवर तिचं भागेना. एका रविवारी तिने दिनेशला गाडीत घालून नागपूरला नेलं, तिथल्या जपानी हॉटेलात. तोच भात, तेच सूप, त्याच काड्या. आजूबाजूला पोरंपोरी हसत, फोटो काढत, आपापलं खात होती. दिनेश वाटीकडे बघत बसून राहिला. “वास येते,” म्हणाला. तिथून उठून दुसऱ्या एका जपानी हॉटेलात नेलं, तिथेही तेच. घरी तिने चिकट तांदूळ आणून शिजवला, सूप केलं, वाटीवर झाकणसुद्धा ठेवलं. त्याने हात लावला नाही. म्हणजे गोष्ट पदार्थाची नव्हती.

शिवाय वजन. दिनेश दर शनिवारी पोटभर जेवत होता आणि दवाखान्यातला काटा दर सोमवारी खाली जात होता. डॉक्टरने तिच्याकडे संशयाने पाहिलं. “खरंच खातात का हो हे?”

तिने प्रफुलला साक्षीला घेतलं. झाकणांचं ऐकून तो पोट धरून हसला. त्यांच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून पिंड, श्राद्ध, नैवेद्य असलं काही शिरलेलं नव्हतं, आणि बाहेर असलं काही दिसलं की तो ते खणून काढायचा. “मी सगळ्यांच्या आधी खातो, पाह्य तू,” म्हणाला. “कोण मले थांबवते, तेही पाहू.”

त्या शनिवारी शिंगाड्याचं काहीतरी होतं, तलावातला पहिला शिंगाडा. झाकण प्रफुलने बसल्या बसल्या स्वतःच काढलं. काड्या उचलल्या. आणि तो तसाच बसून राहिला. दिनेशला त्या दिवशी धाप लागली होती, पहिला घास घ्यायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ प्रफुल त्याच्याकडे बघत होता. असा राग रंजीताने त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. उपाशी माणसाचं ताट कोणी अडवून धरलं की येतो, तसला राग. दिनेशचा घास खाली उतरला मात्र, प्रफुल खाली वाकून भराभर खायला लागला.

“तू काऊन थांबला होता?” तिने जिन्यातच त्याला गाठलं.

“कुठी थांबलो? मी तर सगळ्यांच्या आधी सुरू केलं.”

“प्रफुल, दिनेशने घास घेईपर्यंत तू काड्या धरून बसला होता.”

“काहीही काय,” तो हसला. खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा तिला ओळखीचा होता. पण गाडीची किल्ली काढताना त्याचा पंजा उघडला, आणि काड्या आवळून धरल्याचे दोन लाल वळ तिथे उठलेले तिला दिसले.

सप्टेंबरच्या शेवटी सासू आली. कलाबाई आलापल्लीच्या पुढच्या गावात एकटी राहायची, शेत करायची, मोह-चारोळी वेचायची. सुनेशी तिचं कधी पटलं नव्हतं. लेकाला बघून ती दारातच खाली बसली. मग हाशिरीचं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं.

“त्याच्या आधी कोणी खात नाई?”

“नाही.”

“आन् नवं असते सारं? मोसमातलं पहिलं?”

“हो, आई. तीच त्यांची खासियत आहे.”

कलाबाईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. “आपल्यात नव्याचं पहिलं पान कोणाचं असते, सांग मले.”

रंजीताला माहीत होतं. ती आलापल्लीत वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, तरी दरवर्षी गावी जायचीच. नवं धान, नवा आंबा, नवा मोह, पंडुम म्हणजे नव्याचा सण झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. पहिलं पान गेलेल्यांचं. ते घराच्या कोपऱ्यात मांडायचं, सगळ्यांनी हात आवरून बसायचं, त्यांचं जेवण झालं की मग जित्यांनी जेवायचं. लहानपणी तिला त्या बसून राहण्याचा भारी कंटाळा यायचा.

“आई, तो जिवंत आहे,” ती म्हणाली. आवाज चढला होता.

“दवाखान्यात तो आमचा होता,” कलाबाई म्हणाली. “तूच त्याले त्या माडीवर नेलं. आता गेलेल्यायचा झाला.”

दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. रंजीताने अडाणीपणा काढला, कलाबाईने तिचं शिक्षण काढलं, आणि आतल्या खोलीत दिनेश भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं, लग्नानंतर पहिल्यांदाच. हाशिरीला आता जायचं नाही.

पण शनिवारी हाशिरीत नवा तांदूळ होता. मूल तालुक्यातलं हलकं, लवकर येणारं धान निघालं होतं. गावात अजून पंडुम व्हायचं होतं. रंजीता अंघोळ करून बाहेर आली तर दिनेश शर्ट-पँट घालून, भांग पाडून खुर्चीत बसलेला. चार दिवस तो स्वतःच्या पायाने मोरीपर्यंतही गेला नव्हता.

“चाल,” तो म्हणाला. “लोक वाट पाहत असतील.”

“कोणते लोक?”

“मी नाई गेलो तर ते उपाशी राह्यतील, रंजू.”

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. तिने दाराला कडी घातली. तो उठला आणि दारापुढे जाऊन उभा राहिला. ओरडला नाही, ओढाताण केली नाही. नुसता उभा. अर्ध्या तासाने त्याचे पाय लटपटायला लागले, ओठ पांढरे पडले, तरी तो बसेना. कलाबाईने हात धरून ओढलं, तर तिला तो हलवेना. त्या काडीच्या देहात कुठून जोर आला होता कोण जाणे. इथेच कोसळेल हा, रंजीताला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला राग आला, त्या माडीचा, त्या झाकणांचा, दुसऱ्याच्या मरणावर टपून बसलेल्या त्या सगळ्या भुकेल्या तोंडांचा.

“चला,” ती म्हणाली. “आज मीच बघते.”

माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक भिंतीला टेकून उभे होते, हातात वाट्या घेऊन. त्यांनी वाट करून दिली. कोणी सरकलं तेही नाखुशीने. मधलं टेबल रिकामं होतं.

दिनेश बसला. माधवी मॅडमने त्याच्यापुढे वाटी ठेवली आणि झाकण काढलं. पांढरा भात, वाफ, बाकी काही नाही.

नव्या तांदळाचा वास माडीभर पसरला. कोणीतरी आवंढा गिळला, तो सगळ्यांना ऐकू आला.

दिनेशने हात उचलला.

रंजीताने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्याच्या वाटीत बोटं घातली, भात उचलला आणि आपल्या तोंडात घातला.

पंखे फिरत होते.

भात गरम होता. गोडसर होता. तिने चावला. सगळे डोळे दिनेशवरून उठून तिच्यावर आले. तिला ते स्पष्ट जाणवलं, अंगावर ओलं कापड पडावं तसं.

तिने गिळला.

माधवी मॅडमने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

“चालेल,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

झाकणं खळखळली. लोक जेवू लागले.

“रंजू,” दिनेश कानाशी म्हणाला. त्याचा आवाज जुना होता, जूनच्या आधीचा. “हा काय भातासारखा भात? मले भूक लागली. घरी काय हाय?”

घरी ज्वारीच्या भाकरी होत्या आणि अंबाडीची भाजी. त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. कलाबाई चुलीपुढे बसावं तशी गॅसपुढे पाटावर बसून राहिली, पदराने डोळे पुसत. सोमवारी काटा वर गेला. पुढच्या सोमवारी आणखी वर. डॉक्टरने खांद्यावर थाप मारली, प्रफुलने कॉलेजात पेढे वाटले आणि ‘शेवटी क्विनीनच कामाला आलं’ असं सगळ्यांना सांगत सुटला. रंजीताने वाद घातला नाही. तिचा माणूस परत आला होता. ती इतकी खूश होती, की तिचे डबे आठवडाभर तसेच्या तसे घरी परत येत होते, हे तिने मनावर घेतलं नाही. धावपळीत कोणाला जेवण जातं?

एकच गोष्ट तिला खटकली. कलाबाई भांडेनाशी झाली. रंजीताने मीठ जास्त घातलं, पोळी करपवली, तरी शब्द नाही. उलट ती आली की सासू पाटावरून उठायची.

दिवाळीच्या आत गावात पंडुम ठरलं. तिघं बसने निघाली. गोंडपिपरी गेलं, आष्टीचा पूल गेला, आलापल्लीला गाडी बदलली. दिनेश वाटेत दोनदा भजी खायला उतरला. सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी दाट होत गेलं. रंजीता खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिचं घड्याळ सैल झालं होतं, ते तिने काढून पर्समध्ये टाकलं.

अंगण शेणाने सारवलेलं होतं. भाऊबंद जमले होते. चुलीवर नव्या तांदळाचं भांडं रटरटत होतं. कलाबाईने पळसाच्या पत्रावळी स्वतः मांडल्या. रंजीताची रांगेच्या टोकाशी मांडली, घराच्या भिंतीकडे. आत कोपरा स्वच्छ झाडलेला होता. तिथे गेलेल्यांचं पान नव्हतं. उरकलं असेल आधीच, असं तिला वाटलं.

भात वाढला गेला.

कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला वास आला नाही. भूक लागली. अशी लागली, की पुढचंमागचं काही सुचेना. तिने घास उचलला आणि खाल्ला.

मग तिला भान आलं. रांगेत कोणाचाच हात पानावर नव्हता. पोरासोरांचेसुद्धा हात मांडीवर होते. आपण गेलेल्यांच्या आधी खाल्लं, सगळ्या भाऊबंदांसमोर! तिचे कान तापले. सासू आता काय काय बोलेल, या भीतीने ती मान खाली घालून थांबली.

शेवटी तिने मान वर केली. सगळे तिच्याकडे बघत होते. दिनेशही. त्याला भूक लागलेली दिसत होती.

कलाबाईने तिच्यापुढे वाकून जमिनीला हात लावला, आणि रांगेकडे वळली.

“झालं,” ती म्हणाली. “जेवा आता.”